नाशिकच्या ऑर्केस्ट्रातला बास : थोडा इतिहास, थोडी कबुली

स्मरणिकेच्या संपादक मंडळातून फोन आला, "तू ऑर्केस्ट्रावर लिही. गमतीजमती लिही." गमती पुष्कळ आहेत आणि त्या स्नेहमेळाव्यात जेवताना सांगेनच. इथे मात्र मला आपल्या काळातल्या आवाजाचा इतिहास लिहायचा आहे. तो आवाज काढणारी यंत्रं आणि माणसं, दोन्ही आता कमी होत चालली आहेत. शिवाय या इतिहासात माझी एक कबुली अडकलेली आहे. ती शेवटाकडे येईल.

सुरुवात शाळेपासूनच करतो. ऑफिसमधल्या लोखंडी कपाटावर एक राखाडी पेटी असायची, आठवते? पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि स्नेहसंमेलन, अशा वेळी शिपाईमामा ती खाली काढायचे. बटण दाबलं तरी लगेच आवाज येत नसे. सर माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणत उभे आणि आपण रांगेत हसू दाबत उभे. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसू लागे, भोंग्यातून गुणगुण येई आणि सरांचा आवाज एकदम मैदानभर पसरे. तो व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. पुढे दहा-बारा वर्षं मी अशाच एका ॲम्प्लिफायरपुढे उभा राहून बास गिटार वाजवणार आहे, हे १९७९ साली दहावीची परीक्षा देताना मला माहीत नव्हतं.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली बारीक तार तापते, तिच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि पलीकडच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. मध्ये एक जाळी असते. माइकमधून किंवा गिटारमधून आलेला अगदी कमजोर विद्युतप्रवाह त्या जाळीवर सोडला, की धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा त्याच तालात कमी-जास्त होतो. कालव्याच्या दारावर बसलेला माणूस हाताच्या जोराने दार हलवतो आणि शेकडो एकरांचं पाणी वळवतो, तसंच हे. तार तापायला वेळ लागतो म्हणून आपले सर हॅलो हॅलो करत थांबत.

दोन टोकांची पहिली नळी इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ मध्ये केली. तिच्यात तिसरं टोक, म्हणजे ती जाळी, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये बसवली. तिच्या जोरावर रेडिओ आला, लाऊडस्पीकर आला, बोलपट आला. 'आलम आरा' १९३१ चा, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. आपल्या विजयानंद किंवा चित्रमंदिरच्या पडद्यामागून येणारा आवाज कित्येक वर्षं या काचेच्या नळ्यांतूनच येत होता.

या इतिहासात नाशिकरोडचाही एक धागा आहे. सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि गांधीजींच्या सभांत तिचे कर्णे लागत. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात नानक मोटवाने यांनाही अटक झाली होती. याच घराण्याच्या उद्योगाचा कारखाना पुढे नाशिकरोडला उभा राहिला आणि तिथले मीटर देशभरातल्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलांवर पोहोचले. आमच्या गोष्टीतल्या रेडिओवाल्या काकांकडेही मोटवानेचाच काटेवाला मल्टिमीटर होता.

आता बास गिटारकडे येतो. पूर्वी वाद्यवृंदात खालचा, खर्जातला आधार द्यायला माणसाहून उंच डबल बास असे. तो बसमधून नेणं म्हणजे एक प्रवासी जास्तीचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक त्याच्याकडे दुरुस्तीला येत आणि तो त्यांच्या तक्रारी नीट ऐकून घेई. त्याने १९५१ मध्ये खांद्याला अडकवता येणारी, पडदे असलेली, चार तारांची विजेवरची बास गिटार बाजारात आणली. तिला पुरेसा आवाज देण्यासाठी पुढच्याच वर्षी 'बासमन' नावाचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर काढला. गंमत अशी, की हा बासमन बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त आवडला. लंडनमध्ये जिम मार्शलने १९६२ च्या सुमारास त्याच्याच नकाशावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला आणि रॉक संगीताचा आवाज ठरून गेला. म्हणजे बाससाठी केलेला डबा गिटारने पळवला. बासवाल्याच्या नशिबात हे पहिल्यापासूनच आहे!

मुंबईत हे सगळं सिनेमाच्या मार्गाने आलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. चरणजित सिंग हेही बास आणि स्टील गिटारचे नावाजलेले वादक. 'दम मारो दम' १९७१ चं, 'चुरा लिया है' १९७३ चं. रेडिओवर ही गाणी ऐकताना खालून कुणीतरी चालतंय असं वाटायचं, पण कोण चालतंय ते कळायचं नाही. रॉकची मंडळी वेगळी होती. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे त्यांच्यातले. मराठी रंगभूमीला ते 'तीन पैशाचा तमाशा' मधून माहीत झाले. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' मध्ये इथल्याच वादकांची वाद्यं घेऊन वाजवून गेले.

नाशिकला मी बास गिटार पहिल्यांदा पाहिली ती देवळाली कॅम्पात, एका ख्रिश्चन लग्नात. वाजवणारे गृहस्थ साठीचे होते. मी त्यांच्या स्पीकरजवळ उभा होतो आणि प्रत्येक सुराबरोबर माझ्या शर्टाचा कपडा हलत होता. मी भीतभीत विचारलं, "अंकल, याला चारच तारा का?" ते म्हणाले, "बेटा, चार पण पुष्कळ होतात. तीन सूर बरोबर लावलेस तर लोक नाचतात."

कॉलेजात गेल्यावर आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा जमला. त्यातले तिघे आपल्याच वर्गातले. आमचा गिटारवाला म्हणजे आपल्या मागच्या बाकावरचा, बाकाचं झाकण तबल्यासारखं वाजवून छड्या खाणारा. आता तो नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ते सांगावं लागणार नाही. त्या वेळी परदेशी वाद्य आणायचं तर आयातीचे निर्बंध आणि जकात आडवी येई. माझी बास गिटार कोलकात्याला बनलेली, तिसऱ्या हातातली होती. नव्या तारांचा संच परवडत नसे. तारा मळून त्यांचा आवाज बसला, की त्या काढून पाण्यात उकळायच्या, मळ निघतो आणि काही दिवस पुन्हा खणखणीत वाजतात. आई म्हणायची, "आज शेवयांची खीर आहे की तुझ्या तारांची?"

ॲम्प्लिफायर मात्र बांधून घेतला. भद्रकालीत एक रेडिओवाले काका होते. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवत होती, त्यामुळे रेडिओचे व्हॉल्व्ह सहज मिळत. मोठे, ताकदीचे व्हॉल्व्ह मात्र जुन्या यंत्रांतून काढलेले शोधावे लागत. काकांनी 'ईएल ३४' ची जोडी मिळवली, पुढे 'ईसीसी ८३' लावला आणि पस्तीसेक वॉटचा ॲम्प्लिफायर उभा केला. ट्रान्सफॉर्मरचं लोखंडच इतकं, की पेटी उचलायला दोघं लागत. सुताराने प्लायवूडचं खोकं केलं, त्यात पंधरा इंची स्पीकर बसवला. पैसे आमच्या गिटारवाल्याने घातले. कुठून आणले ते त्याने तेव्हा सांगितलं नाही.

काकांनी पेटी सोपवताना दोन गोष्टी बजावल्या. पहिली, आत हात घालायची वेळ आलीच तर एक हात खिशात ठेवायचा. आत चारशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो. दुसरी, स्पीकरची वायर लावल्याशिवाय पेटी कधीही चालू करायची नाही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्पीकरविना बहुधा तग धरतो. व्हॉल्व्हवाल्याला स्पीकरचं ओझं नसेल आणि कुणी वाजवलं, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि आतलं इन्सुलेशन जळतं.

हा आवाज कसा होता? आजच्या मुलांना मी असं सांगतो. ट्रान्झिस्टरवर ताण आला, की लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट होतं आणि कानाला करकर लागते. व्हॉल्व्हवर ताण आला, की लाटेचं डोकं हळूहळू गोल होतं. सूर थोडा जाड होतो, त्यात वरचे स्वरांश मिसळतात, आणि पस्तीस वॉटचा डबा असल्यापेक्षा मोठा वाटतो. मात्र उगाच गोडवे गाणार नाही. बासला ताकद फार लागते. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. आपला कान एवढ्या खालच्या सुराला मंद असतो, म्हणून तो गिटारइतकाच ऐकू यायला कितीतरी जास्त वॉट खर्चावे लागतात. अमेरिकेत अँपेग कंपनीने १९६९ मध्ये बाससाठी तीनशे वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर काढला, तो हौस म्हणून नव्हे.

आमचे पस्तीस वॉट परशुराम साईखेडकर नाट्यगृहात पुरत. सिडकोच्या मैदानात किंवा गणपतीच्या मांडवात पुरत नसत. तिथे मंडळाच्या लाऊडस्पीकरवाल्याच्या भोंग्यांवर भिस्त असे, आणि भोंग्यातून तीन-चारशे कंपनांच्या खालचं फारसं काही निघत नाही. म्हणजे मी जे वाजवत होतो, त्याचा पाया पहिल्या चार रांगांपर्यंतच पोहोचत होता. मागच्या लोकांना सुराच्या वरच्या छटा तेवढ्या ऐकू येत आणि बाकीचं ते मनाने भरून काढत. एकदा एक मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही नुसते उभे राहता, मग तुमचे पैसे कशाचे?" पुढच्या गाण्याला मी वाजवायचं थांबवलं. अर्ध्या कडव्यातच ते वळून बघू लागले. काय बिघडलं ते त्यांना सांगता येईना, पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं. बासचं काम याहून चांगलं मला कधी सांगता आलेलं नाही.

गावोगावचे कार्यक्रम म्हणजे विजेशी झुंज. रात्री वीज दोनशे तीसऐवजी एकशे ऐंशी व्होल्टवर उतरे, व्हॉल्व्ह मंद होत आणि आवाज दमलेल्या माणसासारखा येई. थंडीत निफाडला कार्यक्रम असला, की बोटं तारांवर वळत नसत. मग दोन गाण्यांच्या मध्ये आम्ही सगळे पेटीच्या मागे जाऊन व्हॉल्व्हच्या उबेवर हात शेकायचो. निवेदक म्हणायचा, "कलाकार मंडळी शेकोटी करून येत आहेत!"

आता कबुली. १९८४ चा गणेशोत्सव. आमच्या हातात दहा दिवसांत सात कार्यक्रम होते. त्याआधी कधीच एवढे नव्हते. दुसऱ्या दिवशी पंचवटीत मांडवामागे सामान लावताना घाई झाली. गिटारवाला स्पीकरची वायर सोडवायला गेला होता. तार लागते की नाही बघावं म्हणून मी पेटी चालू केली आणि आवाज येईना म्हणून बटण पूर्ण वर नेऊन जोरजोरात वाजवत राहिलो. स्पीकर जोडलेलाच नव्हता. आतून चट्‌ असा आवाज आला, मग वार्निश जळाल्याचा वास. तो वायर घेऊन आला, त्याने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. इतरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "व्होल्टेज चढलं." ट्रान्सफॉर्मर पुन्हा वायंडिंग करून यायला तीन आठवडे लागले. उरलेले सहा कार्यक्रम दुसऱ्या ऑर्केस्ट्राने केले.

आपल्या वर्गात आजवर ही गोष्ट "विजेने घात केला" अशीच सांगितली जाते. मीही ती तशीच सांगत आलो. घात विजेने नव्हे, मी केला. पेटीसाठी त्याने वडिलांची घड्याळ-दुरुस्तीची हत्यारं गहाण टाकली होती आणि त्या सहा कार्यक्रमांच्या पैशांतून ती सोडवायची होती, हे मला फार उशिरा, त्याच्या पत्नीकडून कळलं. मला तो एकदाच, काही वर्षांनी, म्हणाला होता, "अरे, वायर लावत जा आधी." एवढंच.

पुढचा इतिहास थोडक्यात. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बासवाल्याची जागा घेईल असं एक छोटं यंत्र काढलं, टीबी-३०३. आणि योगायोग पाहा, मुंबईत ते हाती घेतलं ते बास वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनीच. १९८२ मध्ये त्यांनी त्यावर दहा राग बसवून तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. आमच्याकडे यंत्रं आली ती वेगळ्या रूपात. ऑक्टोपॅड आला आणि कोंगो, तुंबा, ड्रमवाले एका पाटीत मावले. कीबोर्ड आला आणि त्याच्या डाव्या हाताने माझं काम सुरू केलं. आयोजकाचं गणित सरळ होतं, एक माणूस कमी, एक जेवण कमी, टेम्पोत एक पेटी कमी. १९९४ मध्ये मी शेवटचा कार्यक्रम वाजवला आणि सातपूरच्या नोकरीत पूर्णवेळ रमलो. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची मर्यादा आली आणि उत्तररात्रीपर्यंत रंगणारे ऑर्केस्ट्रे आपोआप आवरले. ती मर्यादा योग्यच आहे, हे आता नातवाला झोपवताना पटतं.

आज मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून जो बास येतो, त्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात. आमच्या काळी ऐकू जाईना म्हणून आम्ही रडत होतो, आता ऐकवत नाही म्हणून लोक कान झाकतात. आवाज वाढला, पण मघाच्या त्या अध्यक्षांसारखं "काहीतरी गेलं" असं कुणाला वाटावं, एवढी जागाच त्यात उरली नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, माळ्यावर तुमची ती पेटी आहे. भंगारवाला येतोय, विचारून घ्यावं म्हटलं." भांडीबाजारातल्या त्यांच्या जुन्या घरात सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरी शिरली होती. खालच्या खोलीतल्या आमच्या कार्यक्रमांच्या सगळ्या कॅसेट चिखलात गेल्या. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. घरी आणून मी मागचं झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मरवर वायंडिंगवाल्याची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, तारीख ऑक्टोबर १९८४. एक हात खिशात ठेवून कंडेन्सर बदलले. ईएल ३४ ची नवी जोडी मागवली, ती आता स्लोवाकियात बनते. स्पीकरची वायर आधी लावली, दोनदा तपासली आणि मगच बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाने नारिंगी उजेड आला.

मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्या कपाटांत, पोटमाळ्यांवर त्या काळच्या कार्यक्रमांच्या कॅसेट, फोटो, तिकिटं, पत्रिका असतील तर मेळाव्याला घेऊन या. आमच्याजवळचं सगळं नदीने नेलं. आपण यादी करू, प्रती काढू आणि त्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी द्याव्यात असं मला वाटतं. १८४० पासून गावाची पुस्तकं जपणाऱ्या संस्थेला गावाचा आवाजही जड होणार नाही.

मेळाव्याच्या संध्याकाळी मी पेटी घेऊन येणार आहे. वहिनींनाही बोलावलं आहे. ऑर्केस्ट्रातले आम्ही तिघे उरलो आहोत, तिघे मिळून दोन गाणी वाजवू. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचेलच असं नाही, तेव्हा पुढे येऊन बसा. आणि चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागेल. आपल्याला त्याची सवय आहे.